घरात अचानक पाणी फुटलं तर आधी काय बंद करायचं? (सोलापूर)

साखरपेठ_७

पाईप फुटला, जोड निसटला, छतातून धार लागली, की प्लंबर दारात येईपर्यंत तासभर तरी जातो. त्या तासात काय करायचं, एवढ्यापुरता हा धागा. कायमची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग वगैरेसाठी वेगळा धागा काढावा.

इंटरनेटवरच्या बहुतेक सूचना चोवीस तास पाणी येणाऱ्या गावांसाठी लिहिलेल्या असतात. मीटरजवळचा मेन कॉक बंद करा, झालं काम. आपल्याकडे महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, आणि उजनी धरणाच्या लाईनवर काही बिघडलं की रोटेशन आणखी एक दिवस पुढे. एरवी घर चालतं ते हौदावर आणि गच्चीवरच्या टाकीवर. त्यामुळे रस्त्याकडचा कॉक पिळत बसलात तर टाकी तेवढ्या वेळात निम्मी झालेली असते. पहिला प्रश्न हाच : हे पाणी कुठलं आहे?

नळाचं पाणी असेल तर ते फक्त पाण्याच्या दिवशी, पाणी सुटल्यावरच वाहणार. कंपाउंडच्या भिंतीपासून हौदापर्यंतची लाईन, हौदाचा फ्लोट, आणि थेट लाईनवर बसवलेली तोटी, एवढ्यातच शोधायचं.

पाणी येण्याचा दिवस नाही आणि धार जोरात आहे, तर ते टाकीचं. गच्चीवरचा आउटलेट व्हॉल्व बंद करा. दोन-तीन मिनिटांत धार मंदावली की ओळख पटली. मोटर चालू असतानाच गळत असेल तर हौदातून वर जाणारा पाईप फुटलाय. मोटर बंद केली की थांबेल.

तिसरं सांडपाणी. वरच्या मजल्यावर कोणी आंघोळ केली, फ्लश ओढला, की पाच-दहा मिनिटांनी टपकायला लागतं आणि मग थांबतं. इथे व्हॉल्व बंद करून उपयोग नाही, वरच्यांना वापर थांबवायला सांगायचं. वास आणि रंग पाहून बहुधा कळतंच.

किती घाई करायची याचा अंदाज : अर्ध्या इंची पाईप पूर्ण मोकळा झाला आणि टाकी एक मजला वर असली तर मिनिटाला साधारण २० ते ३० लिटर पाणी जातं. म्हणजे हजार लिटरची टाकी पाऊण तासाच्या आसपास रिकामी. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, आणि ते घरात पसरणार आहे.

---

फ्यूजवायर

चांगला धागा. विजेचं मी लिहितो.

पाणी आधी की वीज आधी, यावर लोक उगाच भांडतात. बेसिनखाली धार लागलीय आणि फरशी नुकतीच ओली व्हायला लागलीय, जवळ बोर्ड नाही, तर आधी व्हॉल्व. पण पाणी छतातून पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागेतून येतंय, भिंतीतल्या बोर्डावरून ओघळतंय, किंवा खाली ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत पोचलंय, तर आधी वीज. तिथे दुसरा विचार नाही.

मेन स्विचपर्यंत कोरड्या फरशीवरून जाता येत असेल तरच जा. हात कोरडे, पायात कोरडी चप्पल. मेन स्विचचा बोर्डच ओला असेल किंवा तिथे जायला पाण्यातून जावं लागत असेल तर हात लावू नका. सगळ्यांना घराबाहेर काढा आणि महावितरणला १९१२ वर फोन करून खांबावरून सप्लाय तोडायला सांगा.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. मेन बंद केला की इन्व्हर्टर चालू होतो. छतातून पाणी गळतंय तो पंखा इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर मेन पाडूनही त्यात २३० व्होल्ट आहेतच. इन्व्हर्टरचं समोरचं बटण बंद करा आणि आउटपुटची वायर प्लगवर असेल तर प्लगही काढा. इन्व्हर्टर बहुतेक घरांत जिन्याखाली जमिनीवर असतो, म्हणजे पाणी सगळ्यात आधी पोचणारी जागा. तो पाण्यात असेल तर जवळ जाऊ नका.

दुसरं, ज्यांच्या घराला लागून लूम (यंत्रमाग) आहेत त्यांच्यासाठी. कारखान्याचं मीटर आणि मेन बहुतेक वेळा घराच्या मीटरपेक्षा वेगळं असतं. घराचं मेन पाडून शेडमधल्या ओल्या फरशीवर गेलात तर तिथे तीन फेज जिवंत आहे. दोन्ही मेन पाडा.

एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, तो फक्त ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी. माणूस वाचवणारा तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा, ज्यावर टेस्टचं बटण असतं. तो पडला असेल आणि परत उचलत नसेल तर कुठेतरी ओल आहे; चिकटपट्टी लावून किंवा बायपास करून उचलायचा नसतो. हे सांगावं लागतं कारण करणारे आहेत.

---

होटगीरोडकर

मोटरचं राहिलं की ओ. ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर असेल तर टाकी खाली गेली की तो आपणहून मोटर चालू करतो. इकडे आपण बादल्या लावतोय, तिकडे हौदातलं पाणी वर जाऊन त्याच फुटक्या पाईपातून खाली. कंट्रोलरवर नुसतं मॅन्युअल करून थांबू नका, मोटरचा एमसीबीच पाडा. बोअरची सबमर्सिबल असेल तर तिचाही.

---

पान्हा_नंबर_चौदा

व्हॉल्वबद्दल नीट लिहायला हवं, कारण खरी अडचण तिथेच येते.

गच्चीवर दोन प्रकार सापडतात. दांडीचा बॉल व्हॉल्व : दांडी पाईपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. चकरीचा गेट व्हॉल्व : घड्याळाच्या दिशेने फिरवत बंद. चकरीचा व्हॉल्व वर्षानुवर्षं उघडाच राहतो आणि बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसतो. मग ऐनवेळी चकरी फिरते पण आतली पाती खाली बसत नाही, किंवा चकरी हलतच नाही. पान्हा लावून जोर केला की स्पिंडल तुटतं, किंवा टाकीच्या निपलपाशीच तडा जातो. त्यानंतर जे होतं ते मूळ गळतीपेक्षा वाईट. हाताने जेवढा जोर लागतो तेवढाच लावा. अडला असेल तर थोडं उघडं, थोडं बंद, असं मागेपुढे करत सोडवा.

तरीही बंद होत नसेल तर टाकीच्या आतून आउटलेटचं तोंड बुजवायचं. निमुळती लाकडी गुट्टी, त्यावर सुती कापडाचे दोन वेढे, आणि हाताने दाबून बसवायची. हातोडी नको. नुसता चिंधीचा बोळा घालू नका, तो ओढला जाऊन लाईनमध्ये अडकतो आणि मग पाईप कापावा लागतो. हे फक्त झाकणातून हात पोचत असेल तर. टाकीत उतरायचं नाही.

आणि टाकी जिन्याच्या खोलीवर, वर चढायला भिंतीतली लोखंडी शिडी, रात्रीची वेळ, हातपाय ओले, असं असेल तर वर जाऊच नका. खालचे सगळे नळ पूर्ण उघडा. पाणी चार वाटांनी विभागलं की फुटक्या जागचा जोर कमी होतो, आणि ते पाणी बादल्या, पिंप, कळशीत भरून घेता येतं. अंगणातल्या तोटीला नळी लावून टोक हौदात सोडलं तर टाकीतलं बरंच पाणी परत हौदात येतं. पुढचं रोटेशन कधी आहे ते लक्षात घेता हे पाणी मोरीत सोडणं परवडत नाही.

---

विमलताई

फ्लॅटमध्ये गच्चीवर ओळीने बारा-पंधरा व्हॉल्व असतात. आपला कुठला हे कसं ओळखायचं?

---

पान्हा_नंबर_चौदा

विमलताई, आत्ता, गळत नसताना. एकाने खाली नळ उघडा ठेवायचा, दुसऱ्याने वर एकेक व्हॉल्व बंद करून फोनवर विचारायचं. सापडला की पत्र्याच्या छोट्या पट्टीवर फ्लॅट नंबर लिहून तारेने बांधायचा. थेट पाईपवर ऑइलपेंटने नंबर घालू नका; सीपीव्हीसीला (नळाच्या पाण्याचा प्लास्टिक पाईप) ऑइलपेंट आणि थिनर चालत नाही. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या लाईनी बहुधा वेगळ्या असतात, फ्लशची आणखी वेगळी. म्हणजे एका फ्लॅटला दोन-तीन व्हॉल्व. शेजाऱ्यांना सांगून करा, नाहीतर कोणीतरी डोक्याला साबण लावून उभं असतं.

एकाच जागची गळती असेल तर गच्चीवर जायचीही गरज नसते. बेसिन, फ्लश, जेट, गीझर या प्रत्येकाखाली भिंतीत अँगल कॉक असतो, तो बंद करा. घरात सगळ्यात जास्त फुटतं ते हेच : अँगल कॉकपासून वर जाणारा कनेक्शन पाईप, त्याचा प्लास्टिकचा नट, आणि जेटची नळी. जेटला बंदूक लावून कॉक कायम उघडा ठेवला की नळीवर दिवसरात्र दाब राहतो. वापर झाला की कॉक बंद करायची सवय सगळ्यात स्वस्त.

---

बाळीवेस_कट्टा

फुटक्या पाईपवर टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळला की काम होतं. एवढं काय त्यात.

---

पान्हा_नंबर_चौदा

नाही होत. टेफ्लॉन टेप आट्यांसाठी आहे. तो स्वतःला चिकटत नाही, त्यामुळे पाईपवर बाहेरून गुंडाळला तर पाणी थरांमधून वाट काढतं. तात्पुरतं थांबवायचं असेल तर हे करा :

सायकलच्या जुन्या ट्यूबची दीड-दोन इंच रुंद, फूटभर लांब पट्टी कापा. तडा गेलेल्या जागेच्या दोन इंच आधीपासून सुरू करून पट्टी ताणून गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. वरून गॅसच्या नळीला लावतात तशा स्टीलच्या क्लिपा, तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि मधे एक. क्लिप प्लास्टिक पाईपवर फार आवळू नका, पाईप चेपला की तडा लांबतो. सरळ पाईपवर हा उपाय दिवसभर टिकतो. एल्बो (काटकोनी जोड) किंवा टी (तीन तोंडांचा जोड) यांवर टिकत नाही, तिथे पट्टी नीट बसतच नाही.

एमसील (दोन भाग मळून लावायची पुटी) वाहत्या पाण्यावर लावणारेही खूप. ओल्या पाईपवर ते धरत नाही, आतून दाब असताना तर अजिबात नाही. व्हॉल्व बंद, लाईन रिकामी, पाईप कोरडा पुसून पॉलिश पेपरने खरवडलेला, मग दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळायचे. तासाभरात कडक होतं, पण पाणी सोडायला रात्रभर थांबलेलं बरं.

तोटीच तुटून हातात आली आणि भिंतीतल्या एल्बोच्या आट्या शाबूत आहेत, तर अर्ध्या इंची डमी (आट्यांचं बूच) लावायची. आट्यांच्या दिशेने टेफ्लॉनचे दहा-बारा वेढे, हाताने बसेल तेवढी, मग पान्ह्याने एक-दीड फेरा. ही डमी दहावीस रुपयांची वस्तू आहे, घरात दोन असाव्यात. तुटलेल्या आट्यांचा तुकडा एल्बोच्या आत राहिला असेल तर कोरायला जाऊ नका, लाकडी गुट्टी मारून प्लंबरची वाट बघा.

---

दक्षिण_कसबा

जुन्या घरांबद्दल कोणीच बोललं नाही. माळवदाची (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत) घरं अजून पेठांमध्ये बरीच आहेत, आणि त्यावर सिंटेक्सची टाकीही ठेवलेली असते. तिथे वरचे काही नियम उलटतात.

स्लॅबच्या घरात पीओपीच्या खोट्या छतात पाणी साठून फुगवटा आला, तर वीज बंद करून, माणसं बाजूला करून, फुगवट्याच्या कडेला स्क्रूड्रायव्हरने छोटं भोक पाडतात आणि खाली पिंप ठेवतात. पाणी निघून गेलं की सगळं छत एकदम कोसळत नाही. बरोबर आहे ते. माळवदाखाली हे कधीही करू नका. वरची पांढरी माती पाणी पिऊन जड होते, खालच्या लाकडी किलचा आणि तुळया आधीच वाळवीने खाल्लेल्या असू शकतात. खालून टोचलं तर पाणी नाही, माती येते.

अशा घरात गळती लागली की त्या खोलीतून माणसं बाहेर, आधी म्हातारी आणि पोरं. टाकी वरच असेल तर खालच्या तोटीतून ती रिकामी करा, ५०० लिटर म्हणजे अर्धा टन भार कमी होतो. वर चढून बघू नका. धोक्याच्या खुणा : छतातून माती भुरभुरणं, लाकडाचा करकर आवाज, काल सहज लागणारं दार आज अडकणं, भिंतीत नवी तिरकी भेग. यातली एक जरी दिसली तरी सामान काढायला आत जाऊ नका. अग्निशमनला १०१ वर कळवा. तुळईला टेकू लावायचा तो जाणत्या गवंड्याने, आपण बांबू ठोकून नाही.

मातीच्या जोडाच्या दगडी भिंतीचं वेगळं. गळका पाईप पायाशी असेल तर भिंत वरून कोरडी दिसते आणि खालून माती धुऊन जात असते. जमिनीलगत चिखलाचं पाणी झिरपताना दिसलं की ती किरकोळ गळती समजू नका.

---

विमलताई

सोलरचं पाणी गच्चीवर फुटलं तर?

---

फ्यूजवायर

ताई, हात लावायच्या आधी अंदाज घ्या. दुपारी सोलरच्या टाकीतलं पाणी ६० ते ८० अंश असू शकतं, मेमध्ये चटका जोरदार. गरम बाजूचा पाईप फुटला तर सोलरला जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व बंद करा. सोलरच्या टाकीत आतलं पाणी वर ढकलायला थंड पाणी लागतं, ते थांबलं की गरम बाजूचा जोर संपतो.

काचेच्या नळ्यांचा सोलर असेल तर एक सांभाळा. टाकी रिकामी होऊन नळ्या उन्हात कोरड्या तापल्या आणि दुरुस्ती झाल्या झाल्या थंड पाणी सोडलं, की नळ्या तडकतात. पाणी संध्याकाळी उशिरा किंवा सकाळी ऊन चढायच्या आत भरा, नाहीतर नळ्यांवर आधी चादर झाका.

आणि टाकीचा व्हॉल्व कोणत्याही कारणाने बंद केलात तर गीझरचं बटण बंद. पाणी नसताना गरम होत राहिला की कॉईल जळते.

---

होटगीरोडकर

फरशीवरचं पाणी काढायला चादर वापरू नका, भिजली की उचलवत नाही आणि पिळवतही नाही. टेरी टॉवेल उंबऱ्याशी गुंडाळी करून लावा, आपल्या गावात त्याला तोटा नाही. पाणी मोरीकडे वायपरने ओढायचं, पलंगाखालचं आधी.

---

जुळे_सोलापूर_पूर्व

पाणी आलंय आणि हौदाच्या अलीकडेच कंपाउंडमध्ये लाईन फुटलीय, कॉकच नाही. काय करावं? रस्त्याकडची जबाबदारी कोणाची?

---

साखरपेठ_७

रस्त्यातल्या मुख्य लाईनवरची गळती असेल तर झोन कार्यालयात तक्रार करा, आणि भागातला चावीवाला माहीत असेल तर त्याला थेट फोन. व्हॉल्व त्याच्याच हातात असतो. कंपाउंडच्या आतलं आपलं आपण.

कॉक नसेल आणि काळा लवचिक प्लास्टिकचा पाईप असेल, तर फुटल्या जागेच्या अलीकडे पाईप दुमडून तारेने बांधा. धार बरीच थांबते. दुमडलेला भाग कमकुवत होतो, म्हणून नंतर तेवढा तुकडा कापून जोड घालायचा आणि तिथेच बॉल व्हॉल्व बसवून घ्यायचा. लोखंडी जीआय पाईप असेल तर ट्यूब आणि क्लिप.

इथे पाणी वाया जाण्यापेक्षा मोठा धोका दुसरा आहे. पाणी बंद झाल्यावर लाईन रिकामी होते आणि तिच्यात ओढ तयार होते. फुटकी जागा गटाराजवळ असेल तर गटाराचं पाणी आत शिरतं, आणि पुढच्या वेळी पहिल्यांदा तेच हौदात येतं. लाईनला थेट मोटर लावणारे ही ओढ आणखी वाढवतात. त्यात बंदी आहे ते आहेच. दुरुस्तीनंतर पहिली दहा मिनिटं पाणी बाहेर सोडा, वास-गढूळपणा गेल्यावर हौदात घ्या.

हौदात घाण गेल्याची शंका असेल तर उपसून, घासून, परत भरा. भरल्यावर स्वच्छ पाण्याला १००० लिटरमागे चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर सुमारे अडीच ग्रॅम. कोरडी टाकायची नाही : थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी ओतायची आणि किमान तासभर थांबायचं. डबा उघडा राहून दमट झालेली पावडर निरुपयोगी. पिण्याचं पाणी तरीही काही दिवस उकळून.

---

फ्यूजवायर

हौद उपसताना : झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्या, एकट्याने उतरू नका, वर एक माणूस हवाच. खोल बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो, आणि माणूस ओरडायच्या आत खाली बसतो. त्याला काढायला दुसऱ्याने उडी मारायची नाही, १०१. आणि आत माणूस असताना हौदात विजेची मोटर चालवायची नाही, एक्स्टेन्शनवरची तर मुळीच नाही.

सगळं वाळल्यावर वीज कधी चालू करायची, तर ओले झालेले बोर्ड उघडून, वाळवून, वायरमनने मेगर (वायरिंगमध्ये ओल-गळती आहे का ते दाखवणारं मीटर) लावल्यावर. एक मेगाओहमच्या खाली दाखवणारं सर्किट बंद ठेवा, बाकीचं घर चालू करता येतं.

---

विमलताई

कुठेच ओल दिसत नाही पण टाकी रात्रीत खाली जाते, त्याचं काय?

---

पान्हा_नंबर_चौदा

रात्री टाकी भरून आतून पातळीला खडूने खूण करा, आउटलेटचे सगळे व्हॉल्व बंद. सकाळी पातळी तीच असेल तर गळती घरातल्या लाईनमध्ये. एकेक व्हॉल्व उघडून तीच परीक्षा केली की लाईन सापडते. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका; न ओढता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय.

सगळे व्हॉल्व बंद असूनही पातळी उतरली आणि गच्ची कोरडी आहे, तर मोटरच्या डिलिव्हरी पाईपचं टोक टाकीत पाण्याखाली बुडालंय का बघा. नॉन-रिटर्न व्हॉल्व खराब असेल तर पाणी त्याच पाईपाने उलटं हौदात जातं. गळती नाहीच ती, पण लोक फरशा फोडून बसतात. पाईपचं टोक पातळीच्या वर आणा.

---

जुळे_सोलापूर_पूर्व

घरात काय सामान ठेवावं? आणि गच्चीवरचे पाईप दर उन्हाळ्यात एल्बोपाशीच का तडकतात?

---

पान्हा_नंबर_चौदा

सामान : अर्ध्या आणि पाऊण इंची कपलर (सरळ जोड) दोन-दोन, तेवढ्याच एन्ड कॅप (टोकाचं झाकण), अर्ध्या इंची डमी दोन, टेफ्लॉन, हॅक्सॉ ब्लेड, ट्यूबची पट्टी, चार क्लिपा, अठरा इंची कनेक्शन पाईप एक, पाईप चिकटवायच्या सॉल्व्हंटची छोटी डबी. डबीतलं सॉल्व्हंट जेलीसारखं घट्ट झालं असेल तर फेकून द्या.

तडकण्याची कारणं बहुतेक बसवणाऱ्याच्या हातातली असतात. लोखंडी आट्या प्लास्टिकच्या एल्बोत पान्ह्याने गच्च आवळल्या की एल्बोला तिथल्या तिथे बारीक तडा जातो, उन्हात तो मोठा होतो. आट्यांवर लावायचा ताग आणि सफेदा जीआयसाठी ठीक. त्यातलं तेल सीपीव्हीसीला कुरतडतं, तिथे टेफ्लॉनच. उघड्या पाईपवर पांढरा पाण्यातला ॲक्रिलिक रंग दोन हात मारला की ऊन कमी लागतं.

आणखी एक, दुकानात घाईत जाल तेव्हासाठी. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी दोन्ही 'अर्धा इंच' म्हणून मिळतात, पण मापं वेगळी. अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी, यूपीव्हीसीचा २१.३. पाऊण इंची सीपीव्हीसी २२.२. त्यामुळे अर्ध्या इंची यूपीव्हीसी पाईप पाऊण इंची सीपीव्हीसी कपलरमध्ये सैलसर जातो, वर सॉल्व्हंट फासलं की बसल्यासारखा वाटतो आणि रात्री निसटतो. फुटलेल्या पाईपचा बोटभर तुकडा कापून सोबत न्या आणि दुकानातच कपलरमध्ये घालून बघा : कोरडा पाईप खोबणीत साधारण अर्ध्यापर्यंत जाऊन अडला पाहिजे. गडगडत तळापर्यंत गेला तर तो कपलर परत द्या.